गावात पावाचं फेस्त भरवायचंय? पोदेराच्या वेळापत्रकापासून सुरुवात करा

गोव्यात तळावलीच्या सांतान चर्चला जुलैत तवशांचं (काकड्यांचं) फेस्त, म्हणजे उत्सव होतो, सुकूरला ऑगस्टमध्ये पातोळ्यांचं, दिवाडीला बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव. मग रोज दोन वेळा दारात येणाऱ्या पावाचा एखादा दिवस आपल्या गावात का असू नये, असं वाटणाऱ्या मंडळांसाठी, महिला गटांसाठी आणि क्लबांसाठी हे लिहितोय. गावच्या समितीत राहून हे काम मी केलंय. अर्ज कुठे द्यायचे, पीठ कधी मळायचं, पोदेराला, म्हणजे पाव भाजून घरोघर पोचवणाऱ्याला, काय विचारायचं हे तेव्हा एका जागी लिहिलेलं मिळालं नव्हतं. तुम्हाला ते मिळावं म्हणून सगळं क्रमाने मांडतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. हा उत्सव पोदेराच्या कामाचा आहे. त्यामुळे तारीख, वेळ, जागा आणि खर्च हे सगळं त्याच्या कामाच्या तासांवरून ठरवायचं. मंच, बॅनर आणि पाहुणे आधी ठरवले, तर भट्टीतला माणूस कोपऱ्यातल्या एका स्टॉलपुरता उरतो आणि उत्सव कुठल्याही खाऊमेळ्यासारखा होतो.

१. पोस्टर नंतर, आधी पोदेराला भेटा

बहुतेक भट्ट्या दोन पाळ्यांत चालतात. मध्यरात्रीनंतर काम सुरू होतं आणि पहाटे सायकली बाहेर पडतात. दुपारी पुन्हा पीठ, आणि संध्याकाळच्या चहाच्या वेळेला दुसरी फेरी. मधले काही तास झोपेचे. भेटायला जायचं तर सकाळची फेरी संपवून तो परत येतो तेव्हा जा. दुपारी दार वाजवू नका. समितीतली सात-आठ माणसं एकदम नेऊ नका. दोघं जा, त्यातलं एक त्याचं रोजचं गिऱ्हाईक असलेलं बरं.

गावात भट्ट्या किती, कोण चालवतं, हेही नीट समजून घ्या. पुष्कळ ठिकाणी जुन्या पोदेर घराण्याची पुढची पिढी परदेशात किंवा नोकरीत आहे, आणि भट्टी भाड्याने दिलेली आहे. आतली मुलं कर्नाटकातली किंवा आणखी लांबची असतात. नवख्या समित्यांचं पहिलं चुकतं ते इथे. मानपत्र घराच्या मालकाला मिळतं आणि रोज पीठ मळणाऱ्याला कुणी मंचाकडे बोलावतही नाही. घराण्याचा मान ठेवाच, पण सध्या ज्यांच्या हातचा पाव गाव खातं त्यांची नावंही पत्रिकेत आली पाहिजेत. हा वारसा आज त्यांच्या हातांनी चाललाय.

पहिल्या भेटीत एवढं विचारून घ्या:

- उत्सवाच्या दिवशी रोजच्या गिऱ्हाइकांचा पाव सांभाळून जास्तीचा किती करता येईल?
- भट्टी एकदा तापवली की किती घाणे निघतात, आणि एका घाण्यात किती नग मावतात?
- उंडो, कातरो, पोयी, कांकण या पावाच्या प्रकारांतलं काय ते रोज करतात आणि काय आता बंद झालंय? बंद झालेलं करू शकणारं कुणी अजून आहे का?
- लाकूड कुठून येतं, आणि जास्तीचं आणायला किती दिवस आधी सांगावं लागतं?
- भट्टीत लोक आलेले चालतील का? एका वेळी किती?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नको’ असेल तर आग्रह करू नका. पाव बाहेर मैदानात आणा, आणि भट्टीचं काम आधी छायाचित्रांतून दाखवा. ‘नको’ म्हणणारे बरेचदा पुढच्या वर्षी आपणहून बोलावतात.

२. तारीख

डिसेंबर टाळा. जुन्या गोव्याचं फेस्त, नाताळ, नवीन वर्ष आणि लग्नं यांमुळे भट्टीला तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, म्हणजे कुरेज्मात, गाणं-बजावणं आणि चोरिसाचे (डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे) स्टॉल कॅथलिक घरांना रुचत नाहीत. गणेश चतुर्थीच्या आसपास हिंदू घरं गुंतलेली असतात. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि ओलं लाकूड. उरतात दोन काळ: तीन राजांच्या सणानंतरचा जानेवारी, किंवा ईस्टर झाल्यावर पावसाआधीचे काही आठवडे.

मी जानेवारीच सुचवेन. हवा बरी असते, परदेशातून सुटीवर आलेले गावकरी अजून गावात असतात. मे महिन्यात पीठ इतकं भराभर फुगतं की प्रात्यक्षिकाची वेळ साधणं अवघड जातं, आणि त्या उन्हात भट्टीपाशी कुणाला उभं करणं बरं नव्हे.

वार रविवार, वेळ संध्याकाळची. सकाळी चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थना असते आणि पोदेर फेरीवर असतो. साडेचार-पाचला सुरुवात केलीत तर दोन्ही सांभाळलं जातं. तरीही तारीख पक्की करण्याआधी चर्चच्या विगाराशी (मुख्य पाद्रीशी), देवस्थान समितीशी आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या मंडळांशी बोलून घ्या. एकाच रविवारी तियात्र (कोंकणी नाटक), जत्रा आणि तुमचं फेस्त आलं, तर तिघांचंही नुकसान.

३. जागा भट्टीच्या जवळची घ्या

फुटबॉलचं मोठं मैदान मोहात पाडतं. पण ते भट्टीपासून दोन किलोमीटरवर असेल तर पाव पोचेपर्यंत निवतो, आणि गरम पाव हातात पडणं हेच तर या संध्याकाळचं सगळ्यात मोठं आकर्षण. भट्टीपासून चालत पाच मिनिटांवरचं आवार, शाळेचं पटांगण किंवा चॅपलसमोरची मोकळी जागा पुरते.

मैदानात नवी मातीची भट्टी बांधू, असं दरवेळी कुणीतरी सुचवतं. ते करू नका. घुमटाची भट्टी नीट वाळायला वेळ लागतो, आणि ओलसर भट्टी एकदम तापवली की तिला तडे जातात. पत्र्याच्या फिरत्या ओव्हनमध्ये भाजलेल्या पावाला तळ धरत नाही, आणि लोक ‘गावचा पाव’ म्हणून तोच लक्षात ठेवून जातात. जी भट्टी रोज पेटते तिच्यातूनच पाव आणा.

जमीन कुणाची हे कागदावर तपासा. गोव्यात मोकळी दिसणारी जागा कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची), चर्चची, देवस्थानाची, पंचायतीची किंवा तीन भावांच्या सामाईक मालकीची असू शकते. तोंडी होकारावर मंडप घालू नका. मालकी ज्याची त्याचं लेखी ना हरकत पत्र सगळ्यात आधी घ्या, कारण पुढच्या प्रत्येक कार्यालयात त्याची प्रत मागतात.

४. परवाने आणि कागदपत्रं

सुरुवात पंचायतीपासून करा आणि निदान दीड-दोन महिने हाताशी ठेवा. अर्ज पंचायतीच्या बैठकीत यावा लागतो. एक बैठक हुकली की पुढचीपर्यंत थांबावं लागतं आणि मागची सगळी कागदं अडून राहतात. लागणाऱ्या गोष्टी अशा:

- आयोजक संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, आणि उत्सव भरवण्याचा ठराव. संस्था नोंदलेली नसेल तर गावातल्या नोंदलेल्या क्लबाला किंवा महिला मंडळाला सहआयोजक करून घ्या.
- जमीनमालकाचं ना हरकत पत्र आणि जागेचा साधा हाती काढलेला आराखडा. त्यात मंच, स्टॉल, येण्या-जाण्याच्या वाटा आणि अग्निशमन बंब आत येईल एवढी रुंद मोकळी पट्टी दाखवा.
- पंचायतीचं ना हरकत पत्र.
- पोलीस ठाण्याला लेखी माहिती: किती लोक येतील, वाहनं कुठे लागतील, जबाबदार व्यक्ती कोण.
- ध्वनिक्षेपकाचा परवाना. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून कार्यक्रम साडेनऊला संपेल असाच आखा. इस्पितळ, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्रात येतो, तेव्हा शाळेच्या पटांगणाचा विचार असेल तर हा मुद्दा आधीच विचारून घ्या.
- अग्निशमन दलाचं ना हरकत पत्र. स्टॉलवर गॅस किंवा चूल असेल तर हे टाळून चालत नाही.
- वीज खात्याकडून तात्पुरती जोडणी. शेजारच्या घरातून वायर ओढू नका.
- अन्न विकणाऱ्या प्रत्येकाची एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. पोदेराच्या भट्टीची असेल तर तिची प्रत घ्या, आणि मुदत संपली नाही ना ते पाहा. महिला गटांची नसेल तर अर्ज भरायला त्यांना मदत करा. चार फॉर्म भरले की पाचवा अर्ध्या वेळात होतो.
- बियर किंवा फेणी विकायची असेल तर अबकारी खात्याचा तात्पुरता परवाना. माझ्या मते हा स्टॉल नसलेलाच बरा, कारण संध्याकाळचा सूर त्याने बदलतो. पण हा निर्णय गावाने करावा.

सगळ्या कागदांच्या दोन संच प्रती काढा. एक संच उत्सवाच्या दिवशी प्रवेशद्वारापाशी बसणाऱ्या माणसाकडे द्या. तपासणीला कुणी आलं आणि कागद घरी कपाटात असले, तर संध्याकाळचा एक तास वाया जातो.

५. पैसे, आणि ते आधी कुणाला द्यायचे

वर्गणी, प्रायोजक आणि स्टॉलचं भाडं, ही तीनच साधनं. खर्चाच्या यादीत पहिल्या ओळीला पोदेर येतो. मंडपवाला आगाऊ रकमेशिवाय खांब रोवत नाही, ध्वनिक्षेपकवालाही नाही. पोदेराला मात्र ‘तुमचाच उत्सव आहे’ म्हणून फुकट पाव मागितला जातो. हे मी होताना पाहिलंय आणि ते मनाला लागतं. पावाचा भाव कायम पै-पैचा राहिला. पीठ, लाकूड आणि मजुरी वाढली तरी एक रुपया वाढवताना पोदेराला गावभर बोलणी खावी लागतात. निदान त्याच्या नावाच्या दिवशी तरी त्याचं काम पूर्ण दामाने घ्या.

म्हणजे नेमकं असं करा. जास्तीच्या पावाचं पीठ, लाकूड आणि मदतनिसांची जादा मजुरी एक आठवडा आधी हातात द्या. प्रात्यक्षिकासाठी त्याचे जितके तास जातील त्यांचं वेगळं मानधन ठरवा. शिल्लक राहिलेला पाव परत करायचा नाही, तो समितीने विकत घेतलेला समजायचा.

प्रायोजक घेताना पाकीटबंद स्लाइस ब्रेड बनवणाऱ्या कंपनीचा फलक घेऊ नका. पैसे चांगले मिळतात हे खरं. पण गावातल्या भट्ट्या बंद पडण्यामागे त्या पाकिटांचा वाटा आहे, आणि पोदेराला त्या फलकाखाली उभं करणं मला पटत नाही. पतसंस्था, हार्डवेअरचं दुकान, आखातातले गावकरी यांच्याकडे जा. जमतं.

६. पीठ, घाणे आणि वेळ

नवख्या आयोजकांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी अंदाज. पाचशे माणसं येतील असं धरलं, तर दर माणशी तीन नग म्हणजे दीड हजार. घरी न्यायला मागणारे असतात, त्यांचे आणखी पाचशे. एकूण दोन हजार. आता पिठाचा हिशेब. ५० किलोच्या पोत्यात साधारण ५५ ते ६० टक्के, म्हणजे २८ ते ३० लिटर पाणी जातं. मळलेला गोळा ७८ ते ८० किलोंचा होतो. एका पावाला ६० ग्रॅम मळलेलं पीठ धरलं तर एका पोत्यातून तेराशेच्या आसपास नग निघतात. दोन हजारांना दीड पोतं पुरतं. हा कागदावरचा हिशेब. पोदेराचा गोळा लहान-मोठा असतो, तेव्हा शेवटचा आकडा त्याच्याच तोंडून घ्या.

मग घाण्यांचा क्रम. भट्टी तापली की निखारे बाजूला ओढतात, आणि लांब बांबूला बांधलेल्या ओल्या गोणपाटाने तळ पुसून काढतात. त्यानंतर पोदेर चिमूटभर पीठ तळावर फेकतो. ते लगेच काळं पडलं तर थांबतो. सावकाश तांबूस झालं की पहिली फळी आत जाते. थर्मामीटर नाही, घड्याळही नाही. आलेल्या मुलांना दाखवण्यासारखी याहून चांगली गोष्ट भट्टीत नाही.

कडक आचेवर आधी पोयी जाते, कारण तिला टम्म फुगून पोटात पोकळी धरायची असते. मग उंडो आणि पाव. आच उतरली की कांकणं, त्यांना भाजण्याइतकंच वाळणंही हवं असतं. हा क्रम लक्षात ठेवून स्टॉलचं वेळापत्रक लावा. पोयीसोबतची भाजी पाच वाजता तयार पाहिजे. कांकण-चहा शेवटी आला तरी चालेल, किंवा कांकणं आदल्या दिवशीचीही चालतात, ती टिकतात. ‘सगळे प्रकार सहा वाजता एकदम’ असं पत्रिकेत छापलंत, तर पोदेराची आणि तुमची दोघांचीही पंचाईत होते.

आता सुराचं. यीस्ट सहज मिळत नव्हतं त्या काळापासून इथे माडाच्या सुरावर, म्हणजे ताडीवर पाव फुगवला गेला. आज बहुतेक भट्ट्यांत यीस्ट असतं, कारण माडावर चढणारे रेंदेर कमी झाले आणि रोजच्या कामाला पुरेल एवढा ताजा सूर मिळत नाही. पण उत्सवासाठी एक घाणा सुरावर करा. त्यासाठी परवाना असलेल्या रेंदेराशी महिनाभर आधी बोलून ठेवा आणि त्याच दिवशी सकाळी काढलेला सूर घ्या. सुरावरचं पीठ सावकाश फुगतं. ते आधी मळायला लागतं, किती आधी ते हवेवर ठरतं. एकदा दोन दिवस अगोदर छोटी चाचणी करून वेळ लिहून ठेवा. रेंदेरालाही मंचावर बोलवा. पावाच्या गोष्टीत तो अर्धा वाटेकरी आहे आणि पोदेरापेक्षाही झपाट्याने दिसेनासा होतोय.

‘पारंपरिक’ असं लिहिताना खरं तेच लिहा. यीस्टचा पाव सुराचा म्हणून विकू नका. दोन्हींपुढे पाट्या लावा, लोकांना शेजारी शेजारी चाखू द्या. सुराच्या पावाची किंचित आंबूस, गोडसर चव जिभेला लगेच कळते आणि मग लोक स्वतःच विचारायला लागतात की हा रोज का मिळत नाही.

७. भट्टी दाखवताना

एका वेळी आठ-दहा माणसं, पंधरा मिनिटं, सोबत गावचा एक स्वयंसेवक. नावं आधी लिहून घ्या आणि वेळेची चिठ्ठी द्या, नाहीतर दाराशी झुंबड उडते. आत जागा कमी असते, आणि फळी मागे ओढताना पोदेराला पाठीमागे तिच्या लांबीएवढी मोकळी जागा लागते. जमिनीवर खडूने रेघ मारा आणि तिच्या पलीकडे कुणालाही जाऊ देऊ नका. फोटो काढणारे सगळ्यात जास्त रेघ ओलांडतात. फ्लॅश बंद ठेवायला सांगा. सुती कपडे, बंद चपला, मोकळे केस बांधलेले.

मुलांना हात घालायला पीठ हवंच. ते भट्टीत नको, बाहेर टेबलावर द्या. आमच्याकडे कातरो पावाचं टेबल सगळ्यात रंगतं. पोदेर गोळा लांबट करतो, कात्री दोन्ही बाजूंनी तिरकी घालतो, पाकळ्या बाहेर वळवतो आणि समोर फुलपाखरासारखा पाव तयार. दोन-तीन सेकंदांचं काम. मुलं पाच मिनिटं झटून वेडीवाकडी कातरतात आणि तोच आपला म्हणून भाजून मागतात. त्यासाठी एक वेगळा ट्रे आणि शेवटच्या घाण्यात जागा राखून ठेवा. कात्र्या बोथट टोकाच्या घ्या.

पाण्याची बादली, वाळूची बादली, अग्निशामक सिलिंडर आणि भाजल्यावर लावायचं औषध भट्टीच्या दाराशी हवं, मंचामागे नव्हे. १०८ आणि अग्निशमन दलाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

८. स्टॉल

नियम एकच: जे विकाल ते पावासोबत खाण्याचं असावं. रोस आम्लेट, अळसांद्यांचं तोणाक, पातळ भाजी, चोरिस, शागुती, चणाडाळीचं गोड, चहा. चायनीज आणि मोमोचा स्टॉल मागणारे येतात, भाडंही जास्त देऊ करतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

शाकाहारी आणि मांसाहारी स्टॉल वेगळ्या रांगांत ठेवा, म्हणजे दोन्ही समाजांची घरं निःसंकोच फिरतात. महिला गटांना भाडं निम्मं करा. पाव मात्र सगळ्या स्टॉलनी समितीच्या टेबलावरून, गावच्या भट्टीचाच घ्यायचा, हे करारात लिहून घ्या. हे लिहिलं नव्हतं अशा एका ठिकाणी निम्म्या स्टॉलवर शहरातून आणलेला पाव निघाला होता.

प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्या आणू देऊ नका. केळीची पानं, कागदी पिशव्या, आणि घरून कापडी पिशवी आणणाऱ्याला एक पाव जास्तीचा. जुनी बांबूची पाटी आणि वरचं निळं प्लास्टिक लावलेली पोदेराची सायकल प्रवेशाशी उभी करा, हॉर्नसकट. पोरं तो दाबून दाबून हैराण करतील. करू दे.

९. इतिहासाचा कोपरा

एक भिंत, दहा-बारा फलक, आणि गावच्या जुन्या माणसांचा आवाज एवढं पुरे. फलकांवर गोव्याची मोठी हकिकत दोन-तीन वाक्यांतच सांगा: १५१० मध्ये पोर्तुगीज आले, १५४३ मध्ये साष्टी आणि बार्देश त्यांच्याकडे गेले, आणि जेजुइट पाद्रींनी माजोर्ड्याच्या लोकांना पहिल्यांदा पाव करायला शिकवलं असं साष्टीत परंपरेने सांगतात. बाकी जागा गावच्या माहितीला द्या. कुठली भट्टी कुठे होती, कुणाच्या अंगावर कबाय (पोदेराचा झगा) असायची, घुंगरांची काठी आपटत कोण यायचं, महिन्याचा हिशेब कुठल्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला असायचा, लग्नाला बोल हा गोड पाव कोण करून द्यायचं. कॉलेजच्या मुलांना फोन घेऊन घरोघर पाठवा. आजी-आजोबांना छापील प्रश्नावली देऊ नका, त्यांच्यासमोर कांकण आणि चहा ठेवा आणि बोलू द्या.

एक नाजूक गोष्ट. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी गोव्यात आणि वसईतही घराघरांत सांगितल्या जातात. जुन्या हिंदू घरांत पाव कित्येक वर्षं स्वयंपाकघरात येत नसे, तेही आठवणारे लोक आहेत. हे लपवू नका, आणि भडकपणे मांडूही नका. ज्यांच्या आठवणी आहेत त्यांच्याच शब्दांत, नावाला त्यांची परवानगी घेऊन लिहा. त्याच घरांत पुढे पाव-भाजी कशी आली हेही त्यांच्याकडूनच येऊ द्या. फलक लावण्याआधी दोन्ही समाजांतल्या एकेका जाणत्या माणसाला वाचायला द्या. मजकूर कोंकणी आणि मराठी दोन्हींत ठेवा, कोंकणी देवनागरीत आणि रोमीतही (रोमन लिपीत). कुठलीही एक लिपी सोडलीत तर गावातला एक भाग वाचायलाच येत नाही.

१०. त्या दिवशी

दुपारी बारापर्यंत मंडप, वीज आणि पाणी तपासून व्हायला हवं. त्यानंतर भट्टीकडे जाणारा रस्ता गाड्यांसाठी बंद. पीठ मळायला सुरुवात झाली की समितीतला एकच माणूस भट्टीशी संपर्क ठेवेल. बाकीच्यांनी ‘झालं का?’ विचारायला जायचं नाही. साडेतीनला पोदेराची नेहमीची फेरी निघेल, ती निघू द्या. त्या दिवशी गिऱ्हाइकाला पाव मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी तो दुकानातलं पाकीट घेतो.

साडेचारला दिवा लावून किंवा प्रार्थना म्हणून सुरुवात. भाषणं तीन, प्रत्येकी पाच मिनिटांची. सत्कार पहिल्या घाण्यानंतर लगेच, कारण नंतर भट्टीतली माणसं कामात असतात आणि रात्री त्यांना पुन्हा पीठ मळायचं असतं. साडेसातला त्यांना मोकळं करा. मांडो, फुगड्या, ब्रास बँड, काय असेल ते पुढे चालू दे.

११. नंतरची कामं

मैदान त्याच रात्री झाडून घ्या. सुका-ओला कचरा वेगळा करून पंचायतीच्या गाडीला द्या, अनामत परत मिळवायला पंचायतीची पावती लागते. उरलेला पाव सकाळपर्यंत ठेवू नका. जवळच्या आश्रमाला किंवा वृद्धाश्रमाला आधीच सांगून ठेवा आणि रात्रीच पोचवा.

पोदेराचा, रेंदेराचा आणि मदतनिसांचा हिशेब तीन दिवसांच्या आत चुकता करा, मंडपवाल्याच्याही आधी. जमाखर्च छापून पंचायतीच्या आणि चॅपलच्या फलकावर लावा. पैसे उरले तर त्यातून भट्टीला काय हवंय ते विचारा. पावसाळ्यात लाकूड कोरडं राहील अशी पत्र्याची शेड, नवी फळी, धूर नीट बाहेर जाईल असं धुराडं. आमच्या पोदेराने शेड मागितली होती.

पुढच्या वर्षीची तारीख ठरवायची बैठक महिन्याभरात घ्या, सकाळी दहाला, भट्टीच्या अंगणात. तोवर त्याची फेरी संपलेली असते.